मोपेडवरून आलेला कापूस

पावतीवर कापसाचं निव्वळ वजन छापून आलं होतं : उणे चाळीस किलो.

बंडूभाऊ ती पावती माझ्या नाकासमोर धरून उभे होते. रोहण्याहून अंधारातच बैलगाडी जुंपून निघालेले.

"साहेब, म्हंजे आता मीच शेठले चाळीस किलो कापूस देणं लागतो का?"

मागच्या रांगेत हशा पिकला. मला हसू आलं नाही. तो प्रोग्राम मी लिहिला होता.

ही २००३-०४च्या आसपासची गोष्ट. सिंदी मेघे गावातल्या माझ्या घरी पुढच्या खोलीत बसून मी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर बनवायचो. वजनकाटा म्हणजे जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. भरलेली गाडी त्यावर चढते, वजन होतं. माल उतरवून तीच गाडी रिकामी चढते, पुन्हा वजन. पहिल्यातून दुसरं वजा केलं की राहिलं ते मालाचं. गणित एवढंच.

माझं पहिलं गिऱ्हाईक होतं एक मोठी ऑइल मिल. तिथे दिवसभर ट्रक. मॅनेजरने मागितलं ते सगळं मी दिलं. पासवर्ड, रंगीत रिपोर्ट आणि माझं लाडकं फीचर, 'टेअर मेमरी'. टेअर म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. ट्रकचा नंबर टाकला की मागच्या वेळचं रिकामं वजन आपोआप यायचं. ट्रक पुन्हा काट्यावर आणायला नको. मॅनेजर खूश. मी त्याहून खूश.

तेच सॉफ्टवेअर मी आर्वीजवळच्या एका छोट्या जिनिंगमध्ये बसवलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. फीचर कमी करून देणं मला लहान गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं वाटायचं. इथे माल बैलगाड्यांनी येतो हे मला दिसत होतं. बैलगाडीला नंबरप्लेट नसते, हे मात्र डोक्यात आलं नाही.

बंडूभाऊंची ती पावती हातात घेऊन मी काट्यावर बसणाऱ्या गजाननला विचारलं, "गाडी नंबरच्या जागी काय टाकलं?"

"नंबर टाकल्याबिगर ते पुढं जातच नाई ना, सर. मंग माह्या मोपेडचा टाकला."

"सगळ्या गाड्यांना तोच?"

"एकच तर मोपेड हाय माह्यापाशी."

सकाळी पहिली आलेली गाडी पाटलांची. थोराड गवळाऊ बैलजोडी, लोखंडी आस. त्या गाडीचं बैलांसकट रिकामं वजन, अकरा क्विंटल, कॉम्प्युटरने गजाननच्या मोपेडच्या नावावर जपून ठेवलं. पुढच्या प्रत्येक गाडीतून त्याने इमानेइतबारे पाटलांचे बैल वजा केले. बाकीच्यांचा माल जास्त होता, म्हणून वजन नुसतं कमी भरलं. ते कुरकुरत निघून गेले. बंडूभाऊंचे बैल कोवळे, माल थोडा. त्यांचा आकडा थेट शून्याखाली गेला.

तेवढ्यात जिनिंगचे मालक शेठ आले. "मी गावोगाव सांगून राह्यलो, आपल्याकडं कॉम्प्युटरची पावती, बेइमानीले जागा नाई. आज हे लोक दुसऱ्या जिनिंगले गेले, तर परत येतीन का? सांजपर्यंत सगळ्यायचं वजन बरोबर करून द्या. नाई तर हा डब्बा उचला!"

भरल्या गाड्यांची वजनं बरोबर होती. फक्त रिकाम्या गाड्या पुन्हा तोलायला हव्या होत्या. पण 'रिकामी आणायची गरज नाही' ही माझीच सोय ऐकून त्या घराच्या वाटेला लागल्या होत्या. मी गजाननच्या मागे बसलो, आणि अकरा क्विंटल वजनाची ती मोपेड आम्ही रोहण्याच्या रस्त्याने पिटाळली. प्रत्येक गाडीला आडवा होऊन मी हात जोडत होतो. एक म्हातारे म्हणाले, "चालतो बा. पण बैलायले सांग तू, मी नाई सांगत."

गाड्या परत आल्या. काट्यावर नवा तंटा उभा राहिला.

"साहेब," बंडूभाऊ म्हणाले, "बैलं आता हौदावर पानी पेले. ते वजन माह्या कापसातून काऊन जाईन?"

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी फीचर नव्हतं.

शेठनी कपाळाला हात लावला. "दोन बादल्या पान्याचं वजन माह्याकडून धरा. हरएक गाडीले!"

दिवेलागणीपर्यंत सगळ्यांना नव्या पावत्या मिळाल्या. बंडूभाऊंचा कापूस तीन क्विंटलच्या वर भरला. त्यांनी पावती दोनदा वाचली, घडी करून टोपीत ठेवली आणि म्हणाले, "पुढच्या खेपेलेबी इथंच येतो. पन साहेबाले बोलावू नोका."

आठवड्यात मी शेठना नवा स्क्रीन दिला. शेतकऱ्याचं नाव, गाव आणि तीन बटणं : भरली, रिकामी, पावती. पश्चात्ताप इतका झाला होता की तोच साधा स्क्रीन मी ऑइल मिलमध्येही बसवून आलो. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरचा फोन आला. "हे काय, पोराटोरांचं खेळणं देऊन गेलात? माझा पासवर्ड कुठे आहे? बाहेर ट्रकची रांग लागली आहे!"

तेव्हापासून मी दोन वेगळी सॉफ्टवेअर ठेवतो. नव्या गिऱ्हाइकाकडे गेलो की कॉम्प्युटर उघडत नाही. आधी तासभर काट्याशी उभा राहतो आणि त्यावर काय चढतंय ते बघतो.