पालथ्या मंडळींचं गाऱ्हाणं

समस्त रत्नागिरीकरांना, विशेषतः ज्यांना कंबर आहे अशांना, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, ज्यांच्या मणक्यातली गादी सरकून कधी नस दाबली गेली नाही, त्यांनी आमचे तात्या ऐकलेले नाहीत. हो, ऐकलेले. फिजिओथेरपीच्या खोलीत आम्ही सगळे पालथे असायचो. दिसायची ती फक्त उशी.

तात्या गावचे मानकरी. शिमग्यात ग्रामदेवाची पालखी आधी त्यांच्या खांद्यावर नाचायची आणि देवापुढे गाऱ्हाणंही तेच घालायचे. ती सवय त्यांनी इथे आणली. हातांवर जोर देऊन छाती उचलायच्या व्यायामाआधी त्यांचा खणखणीत आवाज लागायचा, "बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां वाकडीतिकडी पडली हायत. त्यांच्या कमरेची इडापिडा टळू दे म्हाराजा!" आणि सगळ्या खाटांवरून, उशीत तोंड खुपसून, आमचा गजर, "व्हय म्हाराजा!"

व्यायाम करून घेणाऱ्या आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम मूळच्या कोल्हापूरच्या. पहिल्या दिवशी "कोण पडलं?" म्हणून धावत आल्या. पुढे शांतपणे उभ्या राहायला लागल्या. "झालं गाऱ्हाणं? आता श्वास सोडा."

"मॅडम, शिमग्याला पालखी घेईन ना?" तात्या रोज विचारायचे.

"कळ पायातून वर कमरेकडे सरकू दे, मग बघू."

एका सकाळी तात्या दारातूनच ओरडले, "कळ गेली! पार गेली!" आम्ही पालथ्यापालथ्या टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. त्या तात्यांच्या डाव्या चपलेकडे बघत होत्या. ती निसटू नये म्हणून घोट्याला सुतळीने बांधली होती. तात्यांना खाटेवर बसवून त्या म्हणाल्या, "पायाचा अंगठा वर उचला."

तात्यांचं तोंड लाल झालं. अंगठा हलला नाही.

"कळ गेली ती बरं झालं म्हणून नाही, तात्या. नस दमलीय. आजच सर्जनकडे जायचं. उशीर केलात तर पाय कायमचा फरफटेल."

"शिमगा झाला की जातो. पालखी खांद्यावर घेतात मॅडम, पायावर नाय!"

एरवी आम्ही खदाखदा हसलो असतो. त्या दिवशी कुणीच हसलं नाही. तात्या हट्टाने पालथे झाले, उशीत तोंड घातलं आणि विषय संपवला.

पुढचं आधीच सांगून टाकतो. ऑपरेशन झालं, पाय बराचसा सुधारला. पालखी मात्र त्या खांद्यावर पुन्हा चढली नाही. आता शिमग्यात तात्या खुर्चीत बसतात. ढोल सुरू झाला की त्यांचा उजवा खांदा आपोआप थोडा खाली होतो. ते बघवत नाही.

पण त्या सकाळी ते तयार कसे झाले? मॅडम खाटांच्या मधोमध उभ्या राहिल्या, हात जोडले आणि कोल्हापुरी हेलात आवाज लावला, "बा देवा म्हाराजा! ह्या तात्यांनी जन्मभर तुझी पालखी वाहिली. आता त्यांचा पाय तू राख. आज, आत्ता, त्यांना दवाखान्यात जायची बुद्धी दे म्हाराजा!"

आमचा गजर उठलाच नाही. गाऱ्हाणं तसंच लोंबकळत राहिलं. जन्मात एकही गाऱ्हाणं अधांतरी न सोडलेल्या तात्यांना ते सहन झालं नाही, आणि विचार करायच्या आत त्यांच्याच उशीतून आवाज आला,

"व्हय म्हाराजा!"