कूलरवरची दोन अंडी

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटमधला कूलर बंद ठेवायचे ठरले. त्या दुपारी तापमान चव्वेचाळीस अंश होते. निर्णय वडिलांचा होता. ते ऐंशी वर्षांचे, आयुष्य शेतीत गेलेले. दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतात. कूलर त्यांच्याच खिडकीबाहेर, गॅलरीत आहे. गवताच्या ताट्या बदलायला मी स्टुलावर चढलो, तेव्हा कूलरच्या टपावर होल्याचे, म्हणजे कबुतराच्या जातीच्या लहान पाखराचे, घरटे दिसले. आत दोन अंडी होती.

घरटे कुंडीत हलवावे, असे पत्नीने सुचवले. हलवले की पाखरू येत नाही, असे वडील म्हणाले. पिल्ले उडेपर्यंत ते ओला पंचा अंगावर घेऊन झोपणार होते. आमच्या खोलीत एसी आहे. तिथे यायला त्यांनी नकार दिला. आपण या खोलीतून उठलो की सून कूलर लावेल, हे कारण दिले. पत्नीने ते नाकारले नाही.

मला त्यांच्या रक्तदाबाची काळजी होती. ठोके मोजणारे माझे घड्याळ मी त्यांच्या मनगटावर बांधले आणि ऑफिसातून फोनवर आकडे पाहू लागलो.

"मी कसा आहो, हे घड्याळाले काहून विचारून राहिला?" त्यांनी एका संध्याकाळी म्हटले. "मी इथंच तर बसलो आहो."

घड्याळ मात्र काढले नाही.

पाखरू अंड्यांवर बसते, असे ते रोज सांगत. खिडकीतून घरटे दिसत नव्हते. त्यांना आवाजावरून कळे. मी तीस वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे. खातरजमा झाल्याशिवाय बातमी जात नाही. सहाव्या दिवशी मी छोटा कॅमेरा आणला आणि कूलरच्या टपावरच घरट्यासमोर बसवला. पंधरा मिनिटे लागली. होला उडून समोरच्या तारेवर जाऊन बसला.

फोनवर चित्र स्वच्छ येत होते. त्यात दोन अंडी होती. दुसऱ्या दिवशीही दोन अंडीच होती, पाखरू नव्हते; तिसऱ्या दिवशीही तसेच. वडील विचारत, मी फोन दाखवत असे. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी फोन बाजूला सारला.

"झालं ना गा तुहं पाहून?"

चौथ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात असताना कॅमेऱ्यात त्यांचा हात आला. पत्नीने स्टूल धरले होते, असे तिने नंतर सांगितले. हाताने घरटे उचलले. दहा मिनिटांनी चित्र थरथरू लागले. कूलर सुरू झाला होता. घड्याळावर त्यांचे ठोके बहात्तर होते.