पलंगाखालची आढी

वैशाख लागला की सुभानपुऱ्यातल्या आमच्या टेनामेंटची मागची खोली माणसांची राहत नाही. पलंगावर कोणीही झोपावं, पण बेतानं, कारण पलंगाखाली आंबे झोपलेले असतात. बायको मार्केटातून दगडासारखे हिरवे केशर आंबे आणते, जमिनीवर भाताचा पेंढा पसरते, त्यावर आंब्यांचा थर, वर पुन्हा पेंढा, पुन्हा आंबे, आणि सगळ्यांवर गोणपाट. ही आढी. यानंतर घरातल्या माणसांनी काय करायचं? तर काही नाही. आणि नेमकं तेच मला जमत नाही.

कोयलीला रिफायनरीत माझी अख्खी नोकरी मीटरचे काटे बघण्यात गेली. तिथे घडीघडी जाऊन बघण्याला ड्यूटी म्हणत. घरी बायको त्याला चाळा म्हणते.

एरवी हा चाळा आमच्या दोघांतच मिटला असता. पण यंदा मुलीचं लग्न ठरलं. मुलगा आमच्याच शहरातला, अकोट्याचा, गुजराती, गुणी. माझा विनोद दुसऱ्यांदा ऐकतानाही हसतो. त्याची आई, म्हणजे माझी विहीण, मात्र मोजकं बोलणारी. साखरपुड्याला तिच्या शेजारच्या खुर्चीत मला बसवलं होतं आणि आमच्या दोघांमध्ये नुसती शांतता पसरली होती. शांतता दिसली की मी ती बुजवायला जातो. आंब्यांचा विषय काढला. ती म्हणाली, कित्येक वर्षांत रस खाल्ला नाही. बाहेर मिळतो त्याला ती रस मानत नाही. झालं, माझी जीभ सुटली. म्हटलं, आमच्याकडे या, आढीतल्या आंब्यांचा रस काढू, आमच्या घरात बाहेरचा रस उंबरा ओलांडत नाही. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "आवीश." येईन. रविवार ठरला.

परतताना गाडीत मुलगी मागच्या सीटवरून पुढे झुकली. मग म्हणाली, "बाबा, त्या सहसा कोणाकडे जेवायला जात नाहीत. आपल्याकडे यायला हो म्हणाल्यात. एवढं एक नीट होऊ द्या."

नीट व्हावं म्हणूनच तर मी सगळं केलं. बायकोनं आढी घातली आणि बजावलं की हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेल्याबरोबर मी पलंगाखाली शिरलो. नुसतं गोणपाट उचलून बघितलं. आत हात घातला आणि दचकलो. बाहेर फरशी गार आणि आत ऊब! तव्याची नव्हे, झोपेतल्या लेकराच्या मानेला असते तशी. ना विस्तव, ना वायर. भट्ट्यांच्या शेजारी आयुष्य गेलं माझं, पण कोणी न पेटवलेली अशी ऊब पाहिली नव्हती. हात बाहेर काढवेना. काढला, तर तासाभरानं परत घालावासा वाटला.

मग काय, चटकच लागली. सकाळी चहाआधी एकदा, चहानंतर एकदा. आंबा उचलायचा, अंगठ्यानं दाबायचा, हुंगायचा, ठेवायचा, परत काढायचा. तापाचा थर्मामीटरही खुपसून पाहिला. बायकोनं तो धुऊन माझ्याच उशीवर ठेवला. मी गोणपाट उचलत गेलो, ऊब निघून जात राहिली आणि आंबे होते तसेच राहिले. शनिवार आला तरी हिरवे. मग मला आणखी एक कल्पना सुचली. माझ्या कल्पनांचं हेच आहे, पहिली फसली की दुसरी टपूनच असते. चार-पाच आंबे टोपलीत घालून बंद गाडीत, भर उन्हात ठेवले. संध्याकाळी काढले तेव्हा ते पिकले नव्हते, शिजले होते. साल सुरकुतलेली, आत आंबट लगदा, आणि गाडीला असा वास की अजून काचा उघड्या ठेवून चालवतो.

बायको म्हणाली, उद्या सरळ सांगू, आंबे पिकले नाहीत, श्रीखंड वाढू. सरळ सांगायचं? ज्या तोंडानं उंबऱ्याच्या गप्पा मारल्या त्याच तोंडानं? मी गुपचूप स्कूटर काढली आणि डेअरीतून तयार रसाची पिशवी घेऊन आलो. पातेल्यात ओतला, गुजराती घरांत घालतात तशी सुंठ घातली, वर तुपाचा थेंब. बायकोनं पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं की मला यात धरू नका. मुलीला मात्र आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

रविवारी जय श्रीकृष्ण करत मंडळी आली. विहीण, व्याही आणि जावई. विहिणीनं फिकट रेशमी साडी नेसली होती. टेबल लागलं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, तळलेल्या कुरडया आणि चांदीच्या वाट्यांतून रस. विहिणीनं वाटी उचलली, एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. आदळली नाही, सरकवली नाही, नुसती ठेवली. मग शांतपणे पुरीला भाजी लावून खाऊ लागली. भाजी छान झालीय, असंही बायकोला म्हणाली. नावं ठेवली असती तर मी बाजू तरी मांडली असती. मुलीनं त्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचा चेहरा उतरला. वडील पकडले गेले की मुलींना मान वर करवत नाही, हे त्या दिवशी कळलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि उगाच त्यात बघत बसलो.

थोड्या वेळानं विहिणीनं बायकोला विचारलं, आढी कुठे आहे, बघू का? मी लगबगीनं उठलो. म्हटलं, बघण्यासारखं काही नाही, सगळे कच्चे आहेत, खोलीत पसारा आहे. बायको म्हणाली, "चला."

सगळेच मागच्या खोलीत गेलो. दारातच विहीण थांबली. तिनं डोळे मिटले. पिकल्या आंब्याचा वास येत होता, तो मला आधीच कळायला हवा होता, पण माझं नाक आठवडाभर आंबे हुंगून बोथट झालं होतं. ती हळूच म्हणाली, "छे. अंदर छे." आहे. आत आहे.

तिच्या माहेरी शेत होतं, अख्खी खोली भरून आंबे घालत, हे तिनं गुडघे टेकता टेकता सांगितलं. मग ती बाई, जिच्याशी बोलताना मी शब्द जुळवून घेत होतो, ती रेशमी साडीनिशी फरशीवर आडवी झाली. गोणपाट वर केलंच नाही. कडेनं पेंढ्यात हात सारला. कोपर गेलं, खांदा गेला, गाल फरशीला टेकला. भिंतीजवळच्या कोपऱ्यात चाचपलं आणि एक आंबा बाहेर काढला.

आम्ही सगळे वाकून बघू लागलो. आठवडाभर हिरवे दगड बघणाऱ्या मला तो रंग ओळखूच येईना. पिवळा म्हणावा तर आतून केशरी उजेड येत होता, देठापाशी किंचित हिरवी सावली, आणि अंगावर पेंढ्याच्या काड्यांचे बारीक ठसे. अंधारात, कोणाचीही वाट न बघता तो पिकून बसला होता. खोली वासानं भरली. तिनं पुन्हा हात घातला, दुसरा काढला, मग तिसरा. सगळे त्याच कोपऱ्यातले.

"तिथवर ह्यांचा हात पोचत नाही," बायको म्हणाली. "पोट आडवं येतं."

आधी जावई हसला, मग व्याही, आणि मग फरशीवर बसलेली विहीण, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मी म्हणालो, "तो टेबलावरचा रस..."

"खबर छे, वेवाई," ती म्हणाली. माहीत आहे, व्याही.

टेबलावर कोणी परत गेलंच नाही. वर्तमानपत्र पसरून सगळे खालीच बसलो. तिनं पहिला आंबा दोन्ही तळव्यांत हळूहळू फिरवून मऊ केला, देठ काढला, चिकाचे थेंब पिळून टाकले आणि तो माझ्या मुलीपुढे धरला. "ले बेटा. पहेलो तारो." पहिला तुझा. मुलीनं तो दोन्ही हातांनी घेतला. तिची मान आता वर होती. उरलेले आम्ही चोखत, एकमेकांकडे देत, कोय मागून घेत खाल्ले. माझ्या वाट्याला दोन घोट आले. रस कसा होता, हे सांगायला मी बरेच शब्द काढून पाहिले आणि सगळे परत ठेवले. एवढंच म्हणतो, मला पहिल्यांदाच बोलावंसं वाटलं नाही. सगळेच गप्प होतो, आणि ती शांतता बुजवायची गरज नव्हती.

निघताना विहिणीनं पेंढा नीट दाबून गोणपाट चारी बाजूंनी खोचलं. पुढच्या रविवारी रस तीच काढणार आहे, आमच्याच स्वयंपाकघरात. असं तिनं बायकोशी परस्पर ठरवूनही टाकलं. तोवर मला खोलीत जायला बंदी. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. लग्नाचा हॉल, पत्रिका, मेनू असलं काही विचारत नाही. मी दाराबाहेर उभा राहून वास घ्यायचा आणि कसा आहे ते सांगायचं. काल सांगितलं, अजून थोडा हिरवा आहे. ती म्हणाली, चालशे, घाई नथी, आणि आम्ही दोघेही फोन न ठेवता बराच वेळ गप्प राहिलो.