जावेला दिसलेला कलहंस

नऊ हिवाळे मी नाथसागर धरणाच्या जलाशयावर पक्षी बघायला जातेय. आमच्या रविवारच्या गटात माझ्या शब्दाला थोडा मान आहे. गेल्या जानेवारीत धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, मी पण येऊ का एकदा?" ती देवगाव रंगारीची, शेतात वाढलेली. पक्ष्यांचं पुस्तक तिनं कधी उघडलेलं नव्हतं. म्हटलं, चल.

सकाळी काठावर पट्टकादंब हंसांचा मोठा थवा चरत होता. हिमालय ओलांडून येतात, डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, असं सगळं मी तिला सांगितलं. ती दुर्बिणीला डोळे लावून बराच वेळ एकेक पक्षी न्याहाळत होती.

"ताई, डावीकडं एक हाय, त्याला पट्टेच नाहीत."

"पिल्लू असेल. पट्टे नंतर येतात."

"पिल्लू कसं? बाकीच्यांपेक्षा लई थोराड दिसतंय."

मी दुर्बीण घेतली. चोच पट्टकादंबासारखी पिवळी नव्हे, गुलाबी होती. कलहंस. नऊ वर्षांत मला इथं एकदाही न दिसलेला. मी त्याला ओळखलं, आणि तरी दुर्बीण तिला परत देत म्हणाले, "पिल्लूच आहे."

पहिल्याच दिवशी, हिला? माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं.

तिनं दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. थोड्या वेळानं मात्र ती गटातल्या सरांकडं गेली. सर निवृत्त प्राध्यापक, आमच्यात सगळ्यात जाणते. त्यांनी टेलिस्कोप फिरवला आणि सगळ्यांना हाक मारली. मग फोटो, कौतुक, तिच्या हातात कुणाच्या तरी थर्मासमधला चहा.

"तुमच्या नजरेतून कसा सुटला?" सरांनी मला सहज विचारलं.

"ऊन डोळ्यांवर होतं," मी म्हणाले. जाऊ शेजारीच उभी होती. तिनं चहाचा घोट घेतला, बस्स.

घरी सासूबाईंना ती म्हणाली, "ताईंनी नेलं म्हणून दिसला." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून, घरी न सांगता, मी स्कूटीवर एकटीच गेले. थवा तिथून हलला होता. दुपारी गळ्यात दुर्बीण तशीच घेऊन परतले तर जाऊ दारात कपडे वाळत घालत होती.

"दिसला का, ताई?"

"नाही."

"मग येत्या रविवारी दोघी जाऊ."

मी हो म्हणाले. आणि आत जाताना मनात आलं, तेव्हाही हिलाच आधी दिसला तर?