पाणी पिणारा दगड

आमच्या गावचा काळा दगड इतका कठीण, की बोअरची गाडी धुळ्याहून येताना उंच असते आणि परत जाताना बुटकी होऊन जाते. असल्या दगडावर वाढलेल्या माणसांना मारुतीच्या नव्या देवळासाठी राजस्थानचा गुलाबी दगड आणायचं वेड माझ्या काकांनी, म्हणजे आबांनी, लावलं. निम्मं गाव विरोधात. तेव्हा आबा भर पारावर बोलून बसले, "दगड खोटा निघाला तर देवळाची पायरी चढणार नाही."

हायवेवरून ट्रक आला, पहिला चिरा उतरला. दगड पारखायची आमची रीत एकच: वर तांब्याभर पाणी ओतायचं. वरच ठरलं तर दगड पक्का, आत जिरलं तर कुजका. आबांनीच ओतलं. पाणी गेलं. दुसरा तांब्या, तोही गेला. मला वाटलं, आता हा विहीर मागतो.

"आबा, बठ्ठं पानी पी गया," शेजारचे नाना म्हणाले. "त्याले पंगतमा बसाडा."

जळगावला भूगर्भशास्त्र शिकणारी माझी पुतणी तिथेच होती. तिने समजावलं: आपला दगड लाव्हा थिजून झालेला, म्हणून घट्ट. हा वाळूचा, फार जुन्या पाण्याच्या तळाशी कणकण बसून चिकटलेला. मध्ये बारीक भोकं राहतात, त्यात पाणी शिरतं. तरी याचे किल्ले उभेच आहेत.

"पाण्यात जन्मला, अन् अजून तहान भागली नाही?" नाना.

"खरा की खोटा, तेवढं सांग," आबा म्हणाले.

"आबा, दगडात खरं-खोटं नसतं."

झालं. आबांचं तर तेवढ्यावरच अडलेलं. शेवटी त्यांनीच तोड काढली: जोतं आणि पायऱ्या आपल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढणार नाही, भिंती गुलाबी.

देऊळ झालं. फोटो काढणाऱ्या वऱ्हाडांची अशी गर्दी, की मारुतीला स्वतःचं देऊळ दिसेना. भिंती पावसात गडद होतात, उन्हात पुन्हा गुलाबी. पक्का म्हणावा तर पाणी पितो, कुजका म्हणावा तर हलत नाही. माझं डोकं तर तिथेच फिरतं.

आबा रोज येतात. पायऱ्या आपल्याच, त्यांचा काय दोष, म्हणून अर्ध्या चढतात आणि तिथेच बसतात. वर नाही, खाली नाही. परवा मी विचारलं, "आबा, ठरलं का?"

त्यांनी तांब्यातलं ओंजळभर पाणी भिंतीवर उडवलं आणि बघत राहिले.

"थांब, सुकू दे."