तात्यांचा तौलनिक अभ्यास

किसनतात्या वर्गात पंख्याखाली टोपी काढून बसत. पण प्रश्न विचारायचा झाला की आधी टोपी नीट चढवत, मग उभे राहत. "देवाधर्माचं बोडक्या डोक्यानं इचारू न्हाई," म्हणत.

चिंचवडच्या आमच्या कॉलेजात रविवारी सकाळी मी बौद्ध आणि ख्रिस्ती धर्मांचा तौलनिक अभ्यास शिकवते. येणारे बहुतेक तरुण नोकरदार. तात्या साठीचे, तळवड्याचे जुने शेतकरी. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तात्या, हाच विषय का?"

"दोन मोठी मान्सं दुख्खावर काय बोलली, ते ऐकायचंय."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते पुढे एका भाषणातही वापरलं. कुणाचं दुःख, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

पुढचे काही महिने तात्यांनी मला भंडावून सोडलं. "मॅडम, बुद्ध म्हंतो धरून ठिवू नका. येशू म्हंतो जीव लावा. आता धरल्याबिगर जीव कसा लावायचा?" मी फळ्यावर मैत्री, करुणा, आसक्ती असे शब्द लिहून समजावायची. तात्या सगळं वहीत उतरवून घेत आणि म्हणत, "येक गाठ सुटती तवर दुसरी बसती." हळूहळू माझंही तसंच होऊ लागलं. घरी तयारी करताना जे लख्ख दिसायचं, ते त्यांच्यासमोर गढूळ व्हायचं.

एका रविवारी मी सिद्धार्थाचा गृहत्याग शिकवलं आणि लगेच येशूचं क्रुसावरचं मरण. तात्या उभे राहिले.

"म्हंजे येक बाप पोराला झोपलेलं टाकून गेला. आन दुसऱ्या बापानं पोरगं मरायला धाडलं. व्हय?"

वर्गात कुणीतरी हसलं. मी घाईघाईने म्हणाले, "तसं नाही तात्या. सिद्धार्थाचा मुलगा राहुल पुढे वडिलांकडे आला, त्यांच्या संघात राहिला. आणि येशू तिसऱ्या दिवशी उठला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे."

"म्हंजे दोघांचीबी पोरं परत भेटली."

"हो, तसं म्हणता येईल."

तात्या उभेच होते. "माझा सचिन त्या दिशी नगं म्हनत व्हता. अंग दुखतंय, आज सुट्टी घेतो म्हनला. मीच म्हनलो, खाडा करू नगं. चाकणच्या रस्त्याला कंटेनरखाली गेला." मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "आमच्यासारख्याला भेटायचं काय हाय का, मॅडम? ह्यात न्हाईतर त्यात?"

मी पुस्तकाची पानं उलटत राहिले. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

त्यानंतर तात्या आले नाहीत. परीक्षा जवळ आल्यावर मी तळवड्याला त्यांच्या घरी गेले. दोन्ही बाजूंना वर्कशॉपच्या शेड, मध्ये त्यांचं बैठं घर. तात्या ओसरीवर वही घेऊन बसले होते. काकूंनी चहा दिला आणि माझ्यासमोरच बसल्या.

"बाई, हे सारखं तेच वाचत बसत्यात. त्यांची चूक नव्हती म्हनून सांगा की. माझं ऐकत न्हाईत."

तुलना करावी, निवाडा करू नये, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले होते. तात्या माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडून निघालं, "तात्या, तुमची चूक नव्हती."

"हे बुद्धानं सांगितलंय का येशूनं?"

"कुणीच नाही."

"मंग?"

"मी सांगतेय."

तात्यांनी वही मिटली. त्यांना पटलं का नाही, मला आजही ठाऊक नाही. ते एवढंच म्हणाले, "मंग पयल्याच दिशी सांगायचं की, पोरी."