अर्ध्यावर उचललेली सुई

जेवण उरकून, मागचं आवरून कुमुद दिवाणावर आडवी होते. पंखा एका पात्याशी जरा कुरकुरतो. डोळे जड झाले की ती कुरकुर लांब जाते, मधूनच जवळ येते, आणि मग ती पंख्याची राहत नाही. छापखान्यातलं ट्रेडल यंत्र चालल्यासारखी वाटू लागते. कुशीवर वळावं असं तिच्या मनात येतं, पण अंग ऐकत नाही.

समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत रेकॉर्डी आहेत. चौदाशेच्या वर. एकोणिसाव्या वर्षी साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागली तेव्हापासूनच्या. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, तर संध्याकाळी आपल्या कानांना काहीतरी आपलं हवं, एवढंच सुरुवातीला होतं. मग नादच लागला. कुणाकडे कधी न ऐकलेलं काही आहे असं कळायचा अवकाश, कुमुद एस.टी.नं वाईला, फलटणला, कुठंही जायची. बरोबर नवरा असायचा. भालचंद्र धोत्रे, छापखान्यातला जुळारी, शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. आणि ठार बहिरा. नवव्या वर्षी तापात कान गेले ते गेलेच.

त्याला जाऊन चौदा महिने झाले. चौदा महिन्यांत कुमुदनं एकही रेकॉर्ड लावलेली नाही.

डोळे मिटलेलेच आहेत, तरी तिला दिसतं, की भालचंद्र त्या भिंतीसमोर पाठमोरा उभा आहे. अंगात खाकी डगला, कोपराशी शाई.

"ही चुकीच्या खणात ठेवलीस," तो म्हणतो.

कुमुद दचकते. तो आलाय याचं तिला काही वाटत नाही. दचकते ती आवाजानं. भालचंद्र बोलायचा तो गच्चीवरून हाक मारल्यासारखा, वरखाली न होता. हा आवाज हलका आहे, घरातल्या घरात बोलावा तसा.

"तुम्हाला ऐकू येतं?" ती त्याच्या पाठीलाच विचारते.

"येतं की," तो न वळता म्हणतो.

बेचाळीस वर्षांत ती त्याच्या पाठीशी कधी बोलली नव्हती. आधी खांद्याला हात लावायचा, तो वळला की तोंड नीट दिसेल असं बोलायचं. आज तिला एकदम बोलतच सुटावंसं वाटतं.

"चल, ऊन वाढायच्या आत जाऊन येऊ," तो म्हणतो, आणि दोघं कराडच्या बाजारात आहेत. रविवार. कुलपं, स्टोव्हच्या पिना, चष्म्यांच्या काड्या, आणि गोणपाटावर रेकॉर्डींची चवड. भालचंद्र उकिडवा बसून एकेक कव्हर नाकाशी धरतो. तो तसाच निवडायचा. अक्षरावरून. गाणाऱ्याचं नाव तिनं बघावं, ह्यानं वेलांट्या बघाव्यात. आणि गंमत अशी, की तिच्याकडची निम्मी तरी चांगली गाणी त्यानं शोधलेली.

"ही बघ," तो म्हणतो. "ओळ तिरकी गेलीय. पण घाईनं नाही. जुळवणाऱ्याचा हात कापत असणार. घे."

ही त्यानं खरंच दिली होती, असंच बोलून. कव्हरवर नुसतं 'बेळगावकरीण' छापलेलं, बाकी ना साल ना पत्ता. घरी आणून लावली तर एका बाईचा आवाज, मागं फक्त तंबोरा. पहिल्या आलापालाच कुमुद खाली बसली होती. एवढ्या भिंतीत तिची सगळ्यात जिवाभावाची रेकॉर्ड तीच.

"आता लाव," भालचंद्र म्हणतो.

"इथं बाजारात?"

पण बाजार नाही. एस.टी. आहे, मधल्या बाकावर रेकॉर्ड प्लेअर, खिडकीबाहेर छापखान्याच्या भिंती सरकताहेत, खिळ्यांच्या खणांनी भरलेल्या. आयुष्यभर तिनं एक खेळ मनातल्या मनात खेळला होता: ह्यांना एकच गाणं ऐकू आलं असतं तर कोणतं लावलं असतं? उत्तर दरवेळी हेच.

ती सुई टेकवते. बाई गाते. भालचंद्र मान कलती करून ऐकतो. कुमुद त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढत नाही.

बऱ्याच वेळानं तो म्हणतो, "एवढंच होय?"

"म्हणजे?"

"चांगलं आहे. पण तुझं तोंड बघून मला वाटायचं, याहून काहीतरी मोठं असेल."

तिला राग येतो, मग हसू येतं, मग दोन्ही एकदम. तोही हसतो. त्याचं हसणं मात्र तसंच आहे, जुनं, घोगरं.

आणि हसताहसता ती सवयीनं हात पुढं करते आणि सुई उचलते.

एस.टी. थांबते. दोघं घरातच आहेत.

"हे बघ," भालचंद्र म्हणतो. "हेच. मी आत आलो, की सुई उचलायचीस. गाणं अर्ध्यावर असलं तरी."

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

"वाईट वाटायचंच. बायको काहीतरी लपवतेय असं वाटायचं."

"लपवत नव्हते हो. तुम्ही तिथं कोरडे उभे, आणि मी एकटीनं…" ती उचललेल्या सुईकडे बघते. "मला ते जेवल्यासारखं वाटायचं. उपाशी माणसापुढं बसून."

"मी उपाशी होतो असं तुला कुणी सांगितलं?"

बेचाळीस वर्षांत तिनं त्याला हे विचारलंच नव्हतं. दया केली होती, विचारलं नव्हतं.

"तू एक्स्चेंजला गेलीस, की मी लावायचो," तो म्हणतो. जसं काही पाणी भरून ठेवायचो, इतक्या साधेपणानं.

"काय लावायचात?"

"कुठलीही. ये इकडं."

तो तिला स्पीकरच्या खोक्यापाशी नेतो. तिचा उजवा हात धरून पुढच्या जाड विणीच्या कापडावर ठेवतो आणि वरून आपल्या हातानं दाबतो. "असा नुसता ठेवून नाही कळत. रेटून धर. आता कान मीट."

"एका हातानं दोन्ही कान कसे मिटू?"

"एक मी मिटतो."

बाई पुन्हा गाऊ लागते. ऐकू काही येत नाही. पण तळहाताखाली काहीतरी जागं होतं, कोंबडीच्या पिलाला मुठीत धरावं तसं. तंबोरा मनगटापर्यंत चढतो. आवाज वर जातो तेव्हा बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, खाली उतरतो तेव्हा कोपर जड होतं. ही जागा तिला पाठ आहे, शेकडो वेळा ऐकलेली, आणि ही जागा तिला ठाऊकच नाही.

"शेवटपर्यंत," भालचंद्र कानाशी म्हणतो.

ती हात काढत नाही.

जिन्यावर पावलं वाजतात. पंखा कुरकुरतोय. कुमुद दिवाणावर आहे, उताणी, उजवा हात छातीवर. स्पीकर खोलीच्या त्या टोकाला, चादरीखाली झाकलेला, वर्षभराच्या धुळीसकट.

दार ढकलून खालच्या मजल्यावरची शाहीन आत येते. हातात झाकलेली वाटी.

"काकू, शिरखुर्मा आणलाय. झोपला होतात? उठवलं का मी?"

"नाही गं. ठेव तिथं."

वाटी ठेवता ठेवता शाहीन वाकून बघते. "हाताला काय झालं?"

कुमुद तळहात उघडते. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत उभ्या-आडव्या बारीक रेघा उठल्यात, जाड विणीच्या, खोल, लालसर. दिवाणावरच्या चादरीची वीण मऊ आहे, झिजून गुळगुळीत झालेली.

शाहीन त्यावरून बोट फिरवते. "बाई गं, केवढं रुतलंय! दुखतंय का?"

"नाही."

"मग मूठ कशाला मिटताय?"